तीन टीबीची खोटी डिस्क

सोलापूर,
मे महिन्यातली एक घामट रात्र

प्रिय मंग्या,

फोनवर 'सांगतो नंतर' म्हणालो होतो, ते आता लिहूनच टाकतो. लाईट गेलीय, लॅपटॉपही मान टाकायच्या बेतात आहे.

बॅकअपचं सॉफ्टवेअर तपासायला आमच्याकडे एक खोट्या डिस्कचा ड्रायव्हर आहे. खाली साधी फाईल असते आणि वरच्याला वाटतं खरी डिस्क जोडलीय. आजवर दोन जीबीवर भागत होतं. आता म्हणे तीन टीबी पाहिजे. मी म्हटलं, त्यात काय, आकडा बदलला की झालं! फाईल विरळ असते, लिहिलं तेवढीच जागा खाते, त्यामुळं माझ्या २५६ जीबीच्या लॅपटॉपवर तीन टीबीची डिस्क दिमाखात उभी राहिली.

चाचणीत ठिकठिकाणच्या निवडक सेक्टरांवर (सेक्टर म्हणजे डिस्कचा ५१२ बाइटांचा तुकडा) ज्याचा त्याचा नंबर लिहायचा आणि मग वाचून बघायचा. चार जीबी ओलांडेपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चाललं. नंतर शून्य नंबरचा सेक्टर उघडला तर आत ८३८८६०८! डिस्कचे भाग कुठं सुरू होतात ते सांगणारं पार्टिशन टेबल गायब, आणि एरर एकही नाही. त्या नंबराला ५१२ नं गुणलं की बरोबर ४,२९,४९,६७,२९६ येतात, म्हणजे ३२ बिटांत न मावणारा पहिला आकडा. तो गुंडाळून शून्यावर आला होता. चीड कशाची आली सांगू? उत्तर ठेवायचा डबा ६४ बिटांचाच होता. पण गुणाकार ३२ मध्ये झाला, आणि डोकं उडालेलं उत्तर त्या मोठ्या डब्यात पडलं. तीन रात्री मी डब्याकडंच बघत बसलो होतो.

तुमच्या घरचा जकार्डचा माग आठवला बघ. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची ती माळ, शेवटचा पुठ्ठा गेला की पहिला परत वर. चादरीला ते पाहिजेच असतं, नाहीतर नक्षी पुढं कशी सरकणार? लिनक्समध्ये चाचणीसाठी एससीएसआय-डीबग नावाचा असाच खोट्या डिस्कचा ड्रायव्हर आहे, त्यातही ही सोय मुद्दाम ठेवलीय. थोड्याशा मेमरीवर मोठी डिस्क असल्याचं सांगायचं आणि पत्ता पुढं गेला की फिरून पुन्हा सुरुवातीला. पण आपल्याला लिहिलेलं तसंच्या तसं परत पाहिजे, त्यामुळं ती इथं कामाची नाही.

गुणाकार सुधारला, तर पुढं दुसरी भिंत. 'किती मोठी आहेस?' या जुन्या आज्ञेच्या उत्तरात सेक्टरच्या नंबराला ३२ च बिटं, म्हणजे ५१२ च्या हिशेबानं साधारण २.२ टीबीच. त्याहून मोठ्या डिस्कनं सगळ्या बिटांत १ भरून द्यायचा, मग समोरचा संगणक सोळा बाइटांची नवी आज्ञा पाठवून पुन्हा विचारतो. आमचा ड्रायव्हर तीन टीबीचा आकडा कापून सरळ थाप मारत होता. सोळावाल्या वाचायच्या-लिहायच्या आज्ञा घातल्या, पार्टिशन टेबलाचा एमबीआर हा जुना साचा सोडून मोठ्या डिस्कला पुरणारा जीपीटी घेतला, तेव्हा कुठं शेवटचा सेक्टर स्वतःचाच नंबर सांगायला लागला.

आता साहेबांना ४०९६ चे सेक्टर पाहिजेत. ५१२ हा आकडा कोडात थेट कुठं कुठं लिहिलाय ते शोधलं, तर सदतीस ठिकाणी. त्यातले निम्मे माझ्याच हातचे, सांगू नको कुणाला.

आईनं तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवलीय. लवकर ये, नाहीतर मीच संपवणार बे.

तुझाच,
पिंट्या