जीपच्या इंजिनावरचं थ्रेशर बंद करू नका, त्याला गव्हर्नर बसवून द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की भंगारातल्या गाड्यांची इंजिनं लावलेली जुनी मळणी यंत्रं, म्हणजे थ्रेशर, सरकारने सरसकट बंद करावीत. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. अपघात होतात हे खरंय, आमच्या घरातच झालाय, पण दोष नेमका कशाचा ते आधी बघा ना.

आमच्या निफाडकडे गव्हाची सोंगणी आणि उन्हाळ कांद्याची काढणी एकाच टायमाला येते, मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा ट्रॅक्टर कांदा भरून लासलगावला लाइनीत उभा असतो, मग थ्रेशर कशावर चालवायचं? मोटर लावावी तर लाइट रात्रीची. पंजाबचे हार्वेस्टर येतात पण वीस गुंठ्याच्या वावरात ते वळत नाहीत आणि भुसा रानात उडवून जातात, जनावरांना मग काय घालायचं. आणि त्यात आभाळ भरून आलं, गारांची भीती असली की एकेक तास मोलाचा असतो. म्हणून थ्रेशरला स्वतःचं इंजिन लागतं.

वडिलांनी 1996 ला एका जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन घेतलं, क्लच-गिअरबॉक्ससकट, आणि लोखंडी चॅनेलवर बसवून मागच्या शाफ्टला पुली लावली. क्लचचा फार उपयोग व्हायचा, मशीन चोक झालं की इंजिन बंद न करता पुली थांबवता यायची. विकणाऱ्याने 75 हॉर्सपॉवर सांगितलं होतं, पण ती ताकद 4000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 4000 फेऱ्यांना, आपण 1800 च्या आसपास चालवणार, तिथे निम्मीच मिळते. तरी थ्रेशरला पुरायची.

खरी अडचण वेगळी होती. गाडीच्या पेट्रोल इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे लोड कमी-जास्त झाला तरी स्पीड आपोआप सारखा ठेवणारा भाग, नसतो, रस्त्यावर ते काम ड्रायव्हरचा पाय करतो. खळ्यावर ते काम माझे काका करायचे. टोमॅटोच्या उलट्या क्रेटवर बसून हातात रेसची वायर धरायची, जाड पेंढी आत गेली आणि आवाज बसला की वायर ओढायची, पेंढी झोडणारा आतला ड्रम मोकळा झाला की लगेच सोडायची, असं सकाळपासून अंधार पडेपर्यंत. एकदा वायर खिळ्याला अडकवून ते चहाला उठले, तेवढ्यात पेंढ्या संपल्या, लोड गेला, इंजिन किंचाळायला लागलं आणि ते बंद करायला धावले तर पट्टा पुलीवरून निसटून त्यांच्या कोपरावर बसला. हाड मोडलं. तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही.

त्यानंतर सिन्नरच्या एका फिटरने जुन्या जनरेटरचा गव्हर्नर काढून आमच्या इंजिनाला लावून दिला. आत दोन वजनं असतात, स्पीड वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि इंजिनाला पेट्रोल-हवा देणाऱ्या कार्ब्युरेटरची झडप ओढून मिटवतात, स्पीड पडला की स्प्रिंग झडप परत उघडते. बस एवढंच. पट्ट्यावर जाळीचं कव्हर पण तेव्हाच बसवलं. त्या दिवसापासून रेसची वायर कोणाला धरावी लागली नाही.

आणि गाडीचं इंजिन म्हणजे गावठी जुगाड असं कोणी समजू नये. 1944 मध्ये अमेरिकेत मॅसी-हॅरिस कंपनीने 500 हार्वेस्टर गहू कापायला उतरवले होते, त्यात क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, त्यांच्या मोटारगाड्यांत असायचं त्याच जातीचं. फरक इतकाच की तिथे गव्हर्नर आणि गार्ड कारखान्यातच बसून यायचे, आपल्याकडे ते आपलं आपण बघायचं.

अजून एक, रेडिएटर. गाडी पळते तेव्हा वारा लागतो, खळ्यावर फक्त पंखा, आणि तो भुसाच ओढतो. आम्ही इंजिन वाऱ्याच्या बाजूला ठेवतो, पुढे बारीक जाळी लावतो, ती दिवसातून तीन-चारदा झाडतो. सायलेन्सरचं तोंड वर आणि भुशाच्या ढिगापासून लांब, कारण एक ठिणगी पुरते.

कायदाही आहेच. धोकादायक यंत्रांचा 1983 चा केंद्राचा कायदा थ्रेशरसाठीच आला, आणि पेंढी लावायचं तोंड किमान 90 सेंटीमीटर लांब, त्यातलं 45 सेंटीमीटर वरून झाकलेलं असावं असं मानक आहे, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. जुन्या मशीनला हे पत्र्यातून कोणीही वेल्डर करून देईल.

म्हणून माझी मागणी एवढीच की बंदी घालण्याऐवजी कृषी खात्याने आणि सातपूरच्या आयटीआयने मिळून फेब्रुवारीत निफाड, सिन्नर, चांदवडच्या मार्केट यार्डात एकेक दिवस कॅम्प लावावा. डिझेल मेकॅनिकची पोरं आणि एक वेल्डर बास झाला. शेतकरी मशीन घेऊन येतील, सामानाचे पैसे स्वतः देतील. आपल्या पेपरने हा विषय लावून धरला तर यंदाच्या सोंगणीआधी होऊ शकतं. पहिलं मशीन मी घेऊन येतो.

एक शेतकरी,
ता. निफाड, जि. नाशिक