लोटा जरा लांबच ठेव

चि. सौ. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. जावईबापूंना आणि पोरांना आशीर्वाद. तुझ्या सासू-सासऱ्यांना आम्हा दोघांचा नमस्कार सांग.

परवा फोनवर तू म्हणालीस की सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन दिवाळी झाली की अमरावतीला ठरलं आहे, आणि विचारलंस, "आई, तुझ्या ऑपरेशननंतर तुला घरी काय काय करावं लागलं?" मी सांगायला लागले आणि रेंज गेली. आपल्याकडे रेंज गुरांच्या कोठ्याच्या मागेच मिळते, तुला माहीत आहे. म्हणून अंगणवाडीचं एक जुनं रजिस्टर काढून त्याच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. खुर्चीवर बसून लिहिते आहे, काळजी करू नको.

तुला मी फोनवर सहा महिने "बरी आहे" एवढंच सांगत आले. आता विहीणबाईंची पाळी आहे आणि करणारी तू आहेस, तर खरं लिहायला हवं.

माझं दुखणं दोन वर्षं गुडघ्याचं म्हणूनच चाललं. एरंडाच्या पानांपासून इंजेक्शनापर्यंत सगळं गुडघ्याला झालं. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी पाय नुसता आत वळवून पाहिला आणि मी ओरडले, तर कळ जांघेत. फोटो काढला तेव्हा दिसलं, मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो बसतो ती वाटी यांच्यामधली गादी पार गेलेली, हाडावर हाड घासतंय. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं हे मला ६६ व्या वर्षी कळलं. माझ्या शेजारच्या बायांचं अजून चाललंच आहे गुडघ्याला तेल. पुरुषांच्या वॉर्डात गडचिरोलीकडचा एक मुलगा होता, जेमतेम पंचविशीचा, सिकलसेलचा, म्हणजे त्या रक्ताच्या आजाराचा. रक्त पोचेना म्हणून गोळाच सुकलेला. त्याची माय माझ्याजवळ येऊन बसायची. माझ्या अंगणवाडीत सिकलसेलची लेकरं होती, हातपाय दुखतात म्हणून रडायची. मी त्यांना फार तर मांडीवर घ्यायची. तेव्हा एवढी समज नव्हती.

तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरनं सांगितलं की झिजलेला खुबा काढून त्या जागी बसवतात ती धातूच्या गोळ्याची अन् प्लास्टिकच्या वाटीची युक्ती चार्नली नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९६२ मध्ये जमवली. त्याआधी त्यानं टेफ्लॉनची वाटी वापरली होती, ती झिजून गेली. तुझे बाबा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे तुमच्या काकूत आता बादलीचं प्लास्टिक हाय." तो पोरगा हसला अन् म्हणाला, "त्याच जातीचं, पण लय पक्कं."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच मला वॉकर देऊन उभं केलं. मला वाटलं होतं महिनाभर झोपून राहायचं. सासूबाईंनाही तसंच वाटत असेल, त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर दवाखान्यात तुझ्यावर चिडतील.

आता नियम. माझा चिरा मागच्या बाजूनं होता. त्यात मागचे स्नायू कापून परत शिवतात, ते भरेपर्यंत गोळा वाटीतून निसटायची भीती असते. म्हणून तीन महिने तीन गोष्टी बंद होत्या. कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, म्हणजे बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. पायावर पाय टाकायचा नाही. आणि ऑपरेशनच्या पायाचा पंजा आत वळवायचा नाही. सासूबाईंचा चिरा पुढून असला तर नियम वेगळे असतात, ते त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घे. पायावर किती वजन टाकायचं तेही विचार. मला पहिल्या दिवसापासून पूर्ण टाकायला सांगितलं होतं, सगळ्यांना सांगतीलच असं नाही.

हे वाचायला सोपं वाटतं. पण आपल्या घरात बघ ना, सगळं जमिनीवर. जेवण खाली, भाजी निवडणं खाली, कपडे धुणं खाली, संडास उकिडवा. बाबांनी पलंगाच्या चारही पायांखाली विटा लावल्या. ग्रामपंचायतीतली हात असलेली लाकडी खुर्ची मागून आणली. प्लास्टिकची घेऊ नको, ती बुटकी असते आणि उठताना सरकते. आर्वीहून कमोडची खुर्ची आणली, ती दिवसा संडासात आणि रात्री खोलीत. रात्रीचं भांडं सकाळी बाबा उचलायचे. मला त्याची इतकी लाज वाटली की तीन दिवस मी संध्याकाळनंतर पाणीच प्याले नाही. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं बैलाचं शेण काढलं, ते काय मले विचारून हागले?" त्यानंतर आमच्यात त्या गोष्टीवर बोलणं झालं नाही. सासूबाई बोलणार नाहीत, पण पाणी कमी पीत असतील तर कारण हेच असेल. दुखण्याच्या गोळ्यांनी पोटही धरतं, त्यात पाणी नाही म्हटल्यावर हाल.

झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. आपल्या घरच्या कापसाची लांब उशी बाबांनी भरून घेतली. ती दिवाळीला घेऊन जा, मला आता लागत नाही.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते. ऑपरेशनला वीसेक दिवस झाले असतील. वैशाख, दिवसा ४५ अंश, आणि त्या रात्री लाइट गेली. घरात बसवेना. पायात रक्त साकळू नये म्हणून दिलेले ते घट्ट मोजे. सगळी आळी अंगणात बाजा टाकून झोपलेली. मी वॉकर घेऊन बाहेर आले आणि म्हटलं घडीभर बाजेवर टेकते. टेकले ती आतच गेले. सुतळी ढिली झालेली, बूड खाली आणि गुडघे छातीशी. त्या क्षणी मला तो काटकोन आठवला. उठता येईना, मागं रेलता येईना. खुब्यात काहीतरी ताणलं गेलं आणि मला वाटलं, निसटला गोळा. बाबा ओरडत आले, शेजारच्या वहिनी आल्या. ऑपरेशनचा पाय आधी पुढं सरळ करून दिला, पाठीमागून दोघांनी काखेत धरलं आणि उभं केलं. काही झालं नव्हतं, स्नायू तेवढा दुखावला. सकाळी बाबांनी घरातल्या दोन्ही बाजा कोठ्यात नेऊन उभ्या केल्या. तुझ्या घरीही तीन आहेत. सासूबाई घरी यायच्या आधी हलव.

व्यायामाचा कागद दवाखान्यातून मिळेल, त्यावर चित्रं असतात. घोटा वर-खाली करायचा, तो जागेपणी दर तासाला. त्यानं पोटरीत रक्त साकळत नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी मला ३५ दिवस होती, एकही चुकवू नये. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. कुल्हे आवळून धरायचे. टाच बिछान्यावरून हळूहळू आपल्याकडे ओढायची. ही टाच गोधडीवर अडकते, जोर लागतो, बाई वैतागते. बाबांनी युरियाच्या धुतलेल्या पोत्याचा तुकडा टाचेखाली टाकला आणि पायात मोजा. सुळकन सरकायला लागली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्याचा फोटो मागवून घेतला.

बाबा मोजायला बसायचे. धान्य मोजल्यासारखं, "लाभ, दोन, तीन..." प्रत्येक वेळी पाचपर्यंत धरून ठेवायचं, असे दहा. मी चोरी केली तर म्हणायचे, "पायली भरली नाही, परत." दीड महिन्यानं उभ्यानं ओट्याला धरून पाय बाजूला न्यायचा, हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. लंगडणं त्यानंच जातं. बाजूचा स्नायू कमजोर राहिला तर त्या पायावर उभं राहताच दुसरीकडची कंबर खाली पडते. आरशासमोर उभं राहून लुगड्याचा काठ बघायचा, एका बाजूला उतरला की समजायचं.

हे सगळं खरं, पण ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट निराळीच आहे.

पहिला महिना मी व्यायाम केले तेवढेच. बाकी वेळ झोपून. कारण सगळे चांगले वागत होते. मोठी आई डबा घेऊन यायची, शेजारच्या वहिनी केस विंचरून द्यायच्या, बाबा पाण्याचा लोटा उशाशी ठेवायचे. हात लांबवला की पाणी, हाक मारली की ताट. गाव बघायला यायचं आणि म्हणायचं, "नशीबवान हाय जी बाई." आणि पाय होता तिथंच. महिन्यानं तपासायला गेलो तेव्हा मॅडमनी मला चालवून पाहिलं. मग मला काही न बोलता बाबांकडे वळल्या. "काका, काकूंना पाणी कोण देतं?" बाबा अभिमानानं म्हणाले, "मीच देतो." त्या म्हणाल्या, "मग काकू उठतील कशाला?"

त्या दिवसापासून लोटा ओट्यावर. पलंगापासून बारा पावलं. ताट टेबलावर, तेही पुढच्या खोलीत. मी चिडले, एकदा रडलेही. बाबा माझ्यामागं हात पाठीशी बांधून उभे राहायचे, पडले तर धरायला. पण उचलून काही द्यायचे नाहीत. त्यांना ते किती जड गेलं मला दिसत होतं. बाया तोंडावर म्हणायच्या, "भाऊ, बिमार बाईले कायले फिरवून राहिले?" बाबा ऐकून घ्यायचे.

आता तुझं बघ. नवऱ्यानं बायकोला उठवलं तर गाव एवढंच म्हणालं. सुनेनं सासूला उठवलं, पाणी हातात दिलं नाही, तर तुझ्या गावात काय काय बोलतील, ते मी सांगायला नको. तू ऐकून घेशील, पण सासूबाईंच्याही मनात ते बसेल. म्हणून एक कर. तपासणीला जाताना जावईबापूंना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांचं बोलणं त्यांना ऐकू दे. "आई, ऊठ" हे त्यांनी म्हणायचं. सकाळचे मोजे चढवायचं कामही त्यांच्याकडेच दे. त्याला जोर लागतो आणि आईच्या पायाला हात लावायला मुलाला कसली अडचण? तू स्वयंपाक कर, औषधाच्या वेळा बघ. सगळं एकटीनं अंगावर घेऊन मग मला कोठ्यामागून फोन लावायला लावू नको.

मालिशवाली येईल, आमच्याकडेही आली होती. अजिबात हात लावू द्यायचा नाही, जखमेला तेल नाही, हळद नाही, शेक नाही. पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, किंवा दम लागला तर घरी बसायचं नाही. जखमेतून पाणी आलं, ताप आला तरी तसंच. आणि एकदम कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसला तर उभं करायचा प्रयत्न करू नका, आहे तसं ठेवून १०८ ला फोन.

पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. बाबांनी हे "चढावर तगडा बैल पुढं" असं पाठ करून दिलं. काठी उलट्या हातात धरायची. माझा डावा पाय, काठी उजव्या हातात. सगळं गाव मला थांबवून चूक दाखवतं. आधी समजावून सांगायची, आता "हाव जी" म्हणून पुढं जाते.

पावसाळ्यात अंगणात वॉकरचे पाय काळ्या मातीत रुतायला लागले, तेव्हा संडासापर्यंत मुरूम टाकून घेतला. तुमची खारपाणपट्ट्यातली माती तर आणखी चिकट. ऑपरेशन दिवाळीनंतर आहे म्हणून तुमचं ते एक संकट टळलं.

आता मी काठी घेऊन शेतापर्यंत जाऊन येते. पोळ्याला उभी होते, महालक्ष्म्यांचा स्वयंपाक ओट्यावर उभ्यानं केला. खाली बसणं मात्र डॉक्टरांनी कायमचंच टाळायला सांगितलं. परवा धुऱ्यावर स्टूल टाकून बसले होते. निंदणाच्या बाया ओळीनं पुढं पुढं सरकत होत्या, बोलत होत्या. मला अर्धंच ऐकू येत होतं. त्यातल्या एकीनं वर बघून विचारलं, "काकू, सावलीत कशी बसली?" मी काय सांगणार.

दिवाळीला येशील तेव्हा एक काम कर. काठीच्या खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे, ओल्या फरशीवर सरकतं. आर्वीत आमच्या मापाचं मिळालं नाही. अमरावतीला सर्जिकलच्या दुकानात मिळेल. माप फोनवर कसं सांगू? म्हणून इथं खाली कागदावर काठीचं टोक ठेवून पेन्सिलनं गोल काढला आहे. रबर काढून काढला आहे, म्हणजे आतलं माप. दोन आण, एक विहीणबाईंना लागेलच.

तुझी आई