मागायचं बंद केलंस म्हणालीस म्हणून लिहितेय

लाडके,

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "आई, मी आता देवाकडे बाळ मागायचंच बंद केलंय, आशा ठेवली की दर महिन्याला नव्याने मार बसतो, त्यापेक्षा नकोच ते." तू घाईत होतीस, आणि असलं काही फोनवर धड बोलणं होतही नाही, म्हणून टाईप करत बसलेय. लांबणार आहे, सावकाश वाच, लगेच रिप्लाय द्यायला पाहिजे असं काही नाही.

आधी एक सांगते, तू म्हणालीस त्याचा मला धक्का वगैरे बसला नाही. नीतिसूत्रे 13:12 मध्ये स्पष्टच लिहिलंय की आशा लांबणीवर पडली की मन आजारी होतं. म्हणजे हे दुखणं बायबलला चांगलं माहीत आहे, तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून ते होतंय असं कुणी सुचवलं तर ऐकून सोडून दे.

आता साक्षींचं बघ, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात ते. मंडळीत साक्ष द्यायला उभं कोण राहतं, तर ज्यांना मिळालं ते. नोकरी लागली, रिपोर्ट नॉर्मल आले, मूल झालं, टाळ्या, हालेलुया, आणि ज्यांना नाही मिळालं ते मागच्या बाकावर बसून त्याच टाळ्या वाजवतात. मला साक्षींचा राग नाही, पण सतत तेवढंच ऐकून आपल्याला वाटायला लागतं की आशा म्हणजे हवं ते मिळण्याची गॅरंटी, आणि मिळालं नाही की आपलंच काहीतरी चुकलं.

बायबलमधल्या हन्नाची, त्या मूल नसलेल्या बाईची, गोष्टसुद्धा तशीच सांगतात. रडली, प्रार्थना केली, शमुवेल झाला. तू एकदा 1 शमुवेलचा पहिला अध्याय घाई न करता वाच. वर्षानुवर्षं तेच चाललंय, सवत पनिन्ना टोचून बोलते, हिचं जेवण सुटतं, आणि नवरा एलकाना, भला माणूस बिचारा, विचारतो काय तर मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? (जावईबापू असं काही बोलले तर रागावू नकोस, पुरुषांना अशा वेळी काय बोलावं ते तीन हजार वर्षांपूर्वीही सुचत नव्हतं.) मग ती देवासमोर जाऊन बसते आणि ओठ हलतायत पण आवाज नाही अशी प्रार्थना करते, तर एली याजकाला वाटतं बाई दारू पिऊन आलीय! ती त्याला म्हणते, नाही महाराज, मी माझं मन परमेश्वरापुढे ओतलं. आणि मग अठरावं वचन येतं, ती उठली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. हे अठराव्या वचनात आहे, गर्भ राहिला ते नंतर. एलीने आशीर्वाद दिला खरा, पण तिने काय मागितलं होतं हे त्यालासुद्धा ठाऊक नव्हतं. म्हणजे ती जेवायला बसली तेव्हा हातात काहीच नव्हतं, घरी गेल्यावर तीच पनिन्ना होती, तरी ती जेवली.

आता तू म्हणणार, आई पण तिला शेवटी मिळालं ना. बरोबर. म्हणून मी तुला दावीदाकडे घेऊन जाणार आहे.

2 शमुवेल 7. दावीद राजा गंधसरूच्या लाकडाच्या घरात राहतोय आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, तंबूत आहे, त्याला ते बघवत नाही, मंदिर बांधायचं मनात येतं. किती चांगली इच्छा! नाथान संदेष्टा पण म्हणतो कर तुझ्या मनात आहे ते, देव तुझ्याबरोबर आहे. आणि त्याच रात्री देवाचं उत्तर येतं, तू नाही बांधायचंस, तुझा मुलगा बांधेल. मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडतं ते पुढे 1 राजे 8:18 मध्ये आहे. मंदिर पूर्ण झाल्यावर दावीदाचा मुलगा शलमोन लोकांना सांगतो की परमेश्वर माझ्या बापाला म्हणाला होता, माझ्या नावासाठी घर बांधावं असं तुझ्या मनात आलं हे तू चांगलं केलंस. नाही म्हटलंय, पण इच्छेला नावं ठेवली नाहीत. चांगली इच्छा होती आणि मिळालं नाही, दोन्ही एकदम खरं. तुझी इच्छाही चांगलीच आहे, ती मनातून उपटून टाकायला तुला देवाने सांगितलेलं नाही, ते तू स्वतःच स्वतःला सांगतेयस.

आणि नकार ऐकून दावीद काय करतो, तर आत जातो आणि परमेश्वरापुढे बसतो. मग आयुष्याच्या शेवटी, 1 इतिहास 22 बघ, जे मंदिर आपल्या डोळ्यांना दिसणार नाही त्यासाठी सामान गोळा करत असतो, लाकूड, दगड, पितळ, दरवाज्यांच्या खिळ्यांसाठी लोखंड. खिळ्यांसाठी! इतकं बारीक कोण बघतं, ज्याचं मन अजून त्यात आहे तोच.

मी हे लिहितेय म्हणजे तुला मूल होणार नाही असं मला वाटतंय असं समजू नकोस. होईल की नाही मला माहीत नाही, मी काही संदेष्टी नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात "पुढच्या वर्षी या वेळेला" त्यांचं मी फार मनावर घेत नाही. तुला ते यिर्मया 29:11 किती जणांनी फॉरवर्ड केलं असेल, फुलांच्या फोटोवर, तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. वचन सोन्यासारखं आहे, पण त्याच्या आधीचं दहावं कुणी पाठवत नाही, त्यात बाबेलातली 70 वर्षं लिहिलीत. ते पण पत्रच आहे, यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेलं, आणि ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, बागा लावा, फळं खा. थांबून राहा, आयुष्य नंतर सुरू होईल असं नाही सांगितलं. म्हणून ती मागची खोली तू दोन वर्षं बंद ठेवलीयस ना, ती उघड गं. तिथे तुझं शिवणाचं मशीन ठेव. बाळ आलं तर मशीन हलवता येतं.

मग आशा म्हणजे नक्की काय, मिळण्याची खात्री नसेल तर? मला जेवढं कळतं ते असं की आपली आशा मुळात रिपोर्टवर कधी नव्हतीच, ती रिकाम्या कबरेवर आहे. ख्रिस्त उठला आहे, म्हणून या जगात जे अर्धवट राहिलं ते अर्धवटच संपणार नाही. पण हे ऐकून आता गप्प बसायचं, रडायचं नाही असंही नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय तर नुसत्या कण्हण्याने भरलाय, सृष्टी कण्हते, ज्यांच्यात देवाचा आत्मा आहे ते आपण कण्हतो, आणि आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे तुला मागणं जमत नाहीये त्या दिवसांतही मागणं चालू आहे, फक्त तू करत नाहीयेस. जमेल तेव्हा परत सुरू कर. आणि फक्त तक्रारच निघत असेल तर स्तोत्र 88 काढ, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, एक गोड ओळ नाही, तरी बायबलमध्ये ठेवलंय.

येत्या रविवारी त्या जुळ्यांचा बाप्तिस्मा आहे. तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस, भेट मी पाठवेन, कुणी विचारलं तर माझ्यावर ढकल. आणि एक विचारायचं होतं, शुक्रवारच्या प्रार्थनेत मी अजून तुझं नाव घेते, बायका नंतर चौकशा करतात, तुला ते नको असेल तर मी घरीच करेन. काय करू ते कळव.

आई