स्प्रिंग नसलेला चाकू

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू मागितलेला चाकू हा नाही, हे खोकं उघडताच तुझ्या लक्षात आलं असेल. तुला हवा होता एका हाताने फटकन उघडणारा, काळ्या धातूच्या मुठीचा. तो मला घेता आला असता. पण मी मुद्दाम ओपिनेल हा मिटता फ्रेंच चाकू घेतला, आठ नंबरचा, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ आणि कार्बन पोलादाचं पातं असलेला. डोंगरात आता तुझ्यासोबत मी नसणार, तेव्हा असाच का निवडला आणि तो वापरायचा कसा, हे नीट लिहून पाठवते आहे. पत्र लांबलंय, पण चाकू उघडण्याआधी पूर्ण वाच.

ह्या चाकूत स्प्रिंग नाही. पाचच भाग आहेत: मूठ, पातं, दोघांना जोडणारं रिव्हेट, मुठीच्या तोंडावर घट्ट बसवलेलं धातूचं कडं आणि त्या कड्यावर फिरणारं दुसरं कडं. पातं आपणहून उघडत नाही, उघडल्यावर आपणहून अडकत नाही आणि मिटतही नाही. पात्यावरच्या खाचेत नख घालून ते उघडायचं, मग बाहेरचं कडं बोटाने फिरवायचं, म्हणजे कड्यातली फट बाजूला सरकते आणि पात्याला मागे यायला जागाच उरत नाही. मिटताना कडं पुन्हा फिरवून फट पात्यासमोर आणायची. प्रत्येक वेळी प्रत्येक गोष्ट तुलाच करावी लागते. मला तुझ्या हातात असाच चाकू हवा होता. थंडीने बोटं बधिर झालेली, पाऊस येऊ घातलेला आणि बरोबरची मंडळी घाई करत असताना, उघडणं आणि कापणं ह्यांच्या मध्ये एक क्षण थांबायला लावणारा.

हा चाकू फ्रान्समधल्या सावोआ प्रांतातला, आल्प्सच्या डोंगरातला. मोरिएनच्या खोऱ्यात, आल्बिये-ले-व्ये गावच्या एका वाडीवर जोझेफ ओपिनेल नावाचा मुलगा वडिलांच्या कारखान्यात काम करायचा. वडील शेतकऱ्यांसाठी कुऱ्हाडी, कोयते अशी हत्यारं घडवत. जोझेफला यंत्रांचं आणि फोटोग्राफीचं वेड होतं. १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने हा खिशातला चाकू घडवला. डोंगरातल्या शेतकऱ्याला दिवसभर लागणारी वस्तू: दोर कापा, फांदी तासा, पाव आणि चीज कापा, पुसा आणि खिशात टाका. १८९७ मध्ये त्याने ह्याच चाकूचे एक ते बारा असे नंबर काढले. एक आणि अकरा नंबर पुढे बंद झाले, बाकीचे अजून बनतात. सहा नंबरचं पातं ७ सेंटिमीटर, आठचं साडेआठ, दहाचं १०. तुझ्या तळव्याला आठ नंबर बरोबर बसेल. वजन जेमतेम ४५ ग्रॅम, त्यामुळे 'जड होतो' म्हणून तंबूत ठेवून जायची सबब तुला राहणार नाही.

पात्यावर मुकुट आणि त्याखाली आशीर्वादाचा हात कोरलेला दिसेल. ते चिन्ह जोझेफने १९०९ मध्ये घेतलं. हात जवळच्या सेंट-जाँ-द-मोरिएन शहराच्या मानचिन्हातला आहे आणि मुकुट सावोआच्या जुन्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या राज्याचा. कडं मात्र बरंच उशिरा आलं, १९५५ साली, जोझेफचा मुलगा मार्सेल ह्याच्या डोक्यातून. म्हणजे त्याआधीची पासष्ट वर्षं लोकांनी हा चाकू लाकडाच्या घट्ट पकडीवर आणि स्वतःच्या सावधपणावर वापरला. पुढे २००० साली कड्यात सुधारणा झाली आणि मिटलेलं पातंही अडकवता येऊ लागलं. तुझ्याकडे तोच आहे. पिशवीत टाकताना कडं फिरवलेलंच असलं पाहिजे. इतर सामानात घासून पातं अर्धवट उघडलं आणि तू न बघता हात घातलास, असं व्हायला नको.

आता कडं न फिरवता वापरलं तर काय होतं ते समजून घे. पात्याची धार खाली दाबून कापतेस तोवर पातं उघडंच राहतं, कारण जोर त्याला आणखी उघडण्याच्या बाजूने असतो. टोकाने भोक पाडायला गेलीस, किंवा पातं लाकडात अडकलं आणि तू ते हिसकलंस, की जोर उलटा होतो आणि पातं थेट बोटांवर मिटतं. म्हणून साधं सफरचंद चिरायचं असलं तरी उघडल्यावर कडं फिरवायचंच. आणि फिरवलंस तरी कड्यावर फार विसंबू नकोस. ते पातळ पत्र्याचं आहे, ह्या चाकूने काही उचकटायचं नाही, डबे फोडायचे नाहीत, पात्यावर दगड मारून लाकूड चिरायचं नाही. पातं पातळ आहे, म्हणूनच ते इतकं छान कापतं, आणि म्हणूनच आडवा जोर दिला की तुटतं. त्या कामांना दुसरी हत्यारं आहेत.

कार्बनचं पातं का, हे तू विचारणारच. स्टेनलेसमध्ये साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं. हवेशी संयोग होऊन त्याचा एक अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बसतो आणि आतलं लोखंड गंजत नाही. ह्या पात्यात तसा थर नाही. त्यात साधारण एक टक्का कार्बन आहे, त्यामुळे ते कठीण होतं, दगडावर चटकन धार घेतं आणि ती बारीक धार धरूनही ठेवतं. तुला धार लावायला शिकायचं आहे, तर ह्याच्यासारखं पातं नाही. समुद्रकाठी किंवा होडीत राहायची असतीस तर मी बिनदिक्कत स्टेनलेस घेतलं असतं, खाऱ्या हवेत कार्बनचा टिकाव लागत नाही.

मात्र हे पातं ओलं ठेवलंस तर गंजेल. रात्रभरही पुरतं. वापरून झालं की लगेच पुसायचं, त्यातही फळ किंवा लिंबू कापल्यावर आधी पाण्याने पुसून मग कोरडं करायचं. काही दिवसांनी पातं निळसर, मग करडं, मग काळपट व्हायला लागेल. घाबरून घासत बसू नकोस. आंबट पदार्थांमुळे लोखंडावर बसणारा तो घट्ट थर आहे आणि तो पात्याला थोडंफार राखतो. लालसर, भुकटीसारखं बोटाला लागतं तो गंज. तो दिसला की बारीक पॉलिश पेपरने काढायचा आणि खाण्यात चालणाऱ्या तेलाचं एक बोट फिरवायचं. दोन रंगांतला फरक ओळखायला शिकलीस की निम्मी निगा आलीच.

लाकडाचंही तसंच आहे. मुठीला वरून व्हार्निश आहे, पण पातं ज्या खाचेत बसतं तिथे आत लाकूड उघडं असतं. ओलावा शोषला की लाकूड फुगतं आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतं. सलग दोन दिवस पावसात राहिलीस तर चाकू उघडणारच नाही, नख मोडेल. अशा वेळी सावोआतले लोक करतात ते कर: कडं मोकळं कर, मुठीचं मागचं टोक दगडावर किंवा लाकडाच्या ओंडक्यावर ठोक, पातं थोडंसं बाहेर येतं आणि चिमटीत धरता येतं. पात्याच्या वाटेत बोट ठेवू नकोस एवढं सांभाळ. मग सावलीत हळूहळू वाळू दे. शेकोटीजवळ धरून वाळवलंस तर लाकूड तडकेल. आणि घरी कधीही हा चाकू पाण्यात भिजत ठेवायचा नाही, भांडी धुण्याच्या यंत्रात तर मुळीच घालायचा नाही.

पहिल्या दिवसांत एक काम करून टाक. पातं उघडून खाचेत जवसाच्या तेलाचे थोडे थेंब सोड, चाकू फिरवून ते आत सगळीकडे जाऊ दे, बाहेर आलेलं पुसून घे आणि दोन-तीन दिवस उघडा ठेव. तेल सुकून लाकडात बसलं की पाणी शोषणं बरंच कमी होतं. ज्या फडक्याने तेल पुसशील ते चुरगळून टाकू नकोस. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते बाहेर सपाट पसरून वाळव, मग फेक.

धारेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण बाजारात मिळणाऱ्या ओढून धार लावायच्या खाचेच्या यंत्रांनी ह्या पात्याची वाट लागते. दगड सोबत पाठवला आहे. दहा मिनिटं पाण्यात भिजव, खाली ओलं फडकं घाल म्हणजे सरकणार नाही. पातं दगडावर आडवं ठेव, मग पाठीकडून थोडं उचल, साधारण २० अंश. अंश मोजत बसायचं नसेल तर असं बघ: पातं काटकोनात उभं कर, त्याच्या निम्म्यावर आण, पुन्हा निम्म्यावर आण, त्याहून अगदी थोडं खाली. धारेकडची बाजू पुढे ढकलत, मुठीपासून टोकापर्यंत अख्खी धार दगडावरून जाऊ दे. टोकाकडे पातं वळतं, तिथे मूठ किंचित उचलावी लागते, नाहीतर टोक बोथट राहतं. जोर नको, पात्याचं वजन आणि दोन बोटांचा आधार पुरे. कोन एकच राखणं हे खरं काम आहे, वेग आपोआप येतो.

एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला एक बारीकशी खरखरीत कड वळलेली जाणवेल. अंगठा धारेवरून लांबीने कधीच फिरवायचा नाही, पात्याच्या पाठीकडून धारेच्या बाहेर असा आडवा सरकवायचा, मग ती कड हाताला लागते. ती मुळापासून टोकापर्यंत लागली की ती बाजू झाली, आता उलटी बाजू. शेवटी अगदी हलक्या हाताने आलटून पालटून, आणि मग चामड्याच्या पट्टीवर पाठ पुढे करून, धार मागे ओढत. पट्टीवर धार पुढे केलीस तर चामडं कापलं जाईल.

आणि धार कमी झाली की लगेच लाव, 'चालतंय अजून' म्हणून ठेवू नकोस. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो, जोर दिला की ते घसरतं, आणि घसरलेलं पातं कुठे जाईल हे तुझ्या हातात राहत नाही. धार असली की हात हलका राहतो.

लाकूड तासताना बसून तासायचं, गुडघे बाजूला आणि कोपरं गुडघ्यांवर, म्हणजे चाकू समोरच्या मोकळ्या जागेत चालतो. मांडीवर धरून कधीच नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि डोंगरात तिथली जखम निभावणं फार कठीण. हात लांब करून भोवती फिरव, तेवढ्यात कोणी असेल तर थांब. कोणी चाकू मागितला तर मिटून दे. उघडा घेऊन एक पाऊलही चालायचं नाही. हातातून निसटला तर पडू दे, पकडायला जाऊ नकोस. ओल्या झाडाच्या फांद्या तोडू नकोस, शेकोटीला खाली पडलेलं सुकं लाकूडच लागतं. पावसानंतर बाहेरून ओली असलेली काटकी तासून आतलं कोरडं लाकूड काढ आणि त्याचे पातळ, कुरळे छिलके काटकीलाच लटकते ठेव. ते एका काडीत पेट घेतात. ह्या कामात हा चाकू फार सुरेख चालतो, आणि तुला ते करताना मजा येईल हे मला माहीत आहे.

कापलंच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून हात वर धर आणि दहा मिनिटं उचलून बघू नकोस, बघितलं की पुन्हा वाहतं. बोट वाकत नसेल, टोकाला बधिर वाटत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर ट्रिप तिथेच सोडून डॉक्टर गाठायचा. मला फोन नंतर केलास तरी चालेल.

विमानाने जाशील तेव्हा हा चाकू केबिनच्या पिशवीत चालणार नाही, खाली जाणाऱ्या सामानात घाल, पातं गुंडाळून. दुसऱ्या देशात जाण्याआधी तिथला कायदा बघ. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, पातं अडकवता येणारा चाकू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी जवळ बाळगता येत नाही, आणि ह्याचं कडं त्यात मोडतं. शहरात फिरताना तर तो खिशात नकोच.

दगड आणि चामड्याची पट्टी खोक्याच्या तळाशी वेगळ्या कागदात आहे, जवसाचं तेल तिथेच घे. येत्या रविवारी धार लावून बघ आणि वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून काप. कागद कुठे फाटतो आणि कुठे कापला जातो ते मला कळव, त्यावरून तुझा कोन कुठे सुटतोय ते मी सांगेन.

तुझी,
आई