कोपरखैरणेच्या पोळीभाजीवाल्या काकूंना

काकू,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये. चष्मा लावून मोबाईलवर एवढं लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा, तुमची लेक रात्री भांडी आवरल्यावर मोठ्याने वाचून दाखवेल आणि तुम्ही मधेच "बास की आता" म्हणाल. तरी लिहितेय, कारण तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच पोळ्या मोजायला लागता. एकदा तर मी डोळ्यात पाणी आणून काहीतरी बोलत होते आणि तुम्ही मागच्या माणसाला विचारलंत, भाजी मेथी का फ्लॉवर. म्हणून इथे, सगळ्यांसमोर. आता पळून दाखवा.

चिपळूणच्या पुरापर्यंत आपली ओळख म्हणजे सहा पोळ्या आणि एक सुकी भाजी एवढीच होती. मी घणसोलीची, ऑफिसवरून येताना कोपरखैरणेला उतरायचं, डबा घ्यायचा आणि घरी. २०२१ च्या जुलैत तेही नव्हतं, लोकल बंद आम्हाला, वर्क फ्रॉम होम, मी स्कूटी काढून तुमच्याकडे यायचे ते खरं तर घराबाहेर पडायला निमित्त म्हणून.

२२ जुलैला पहाटे वहिनीचा चिपळूणहून फोन आला, पाणी पायरीवर आलंय. मला काही विशेष वाटलं नाही हो, खरं सांगते, मुरादपूरला आमच्या घरात पायरीपर्यंत पाणी म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी, २००५ ला तर कमरेइतकं होतं, आई म्हणते आम्ही काय नवीन आहोत का पुराला. मग पुढचा फोन, गुडघ्याला. मग, आम्ही शेजारच्यांच्या माडीवर चाललोय. आणि मग फोनच बंद. दोन दिवस बंद. टीव्हीवर एसटीच्या टपावर बसलेले लोक दिसत होते, आगाराचे मॅनेजर डेपोची कॅश घेऊन बसच्या टपावर बसले होते ती बातमी तुम्हालाही आठवत असेल, त्या पाण्यात मी आमची गल्ली शोधत होते. त्याच दिवशी महाडजवळ तळीयेला दरड कोसळली आणि मग तर मी टीव्हीच बंद केला.

दुपारी तुमच्याकडे आले तेव्हा तोंड सुजलेलं. तुम्ही लाटणं खाली न ठेवता विचारलंत, "कशाला रडायलीस?" मी सांगितलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, स्टूल पुढे सरकवलंत आणि चहा टाकलात. ते "काही होणार नाही" वगैरे तुम्ही बोलला नाहीत ना, त्याबद्दल एक वेगळं थँक्यू. त्या दिवशी पंधरा जणांनी मला ते ऐकवलं होतं आणि पंधरा वेळा मला वाटलं की ह्यांना काय माहिती.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन लागला. सगळे जिवंत. घरात मात्र छताच्या हातभर खाली पाण्याची रेघ, फ्रिज आडवा पडून स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलेला, आणि सगळीकडे गाळ, कसला तर डिझेलचा वास येणारा, चिकट. आता चिपळूणकरांना विचाराल तर प्रत्येकजण कारण वेगळं सांगतो, कोणी म्हणतं कोळकेवाडी धरणाचं पाणी सोडलं, कोणी म्हणतं भरती होती म्हणून खाडीने पाणी घेतलं नाही, कोणी म्हणतं वाशिष्ठी नदी गाळाने भरलीये तर पाणी जाणार कुठे. आई म्हणते कारणं तुम्ही बघा, मला आधी बादली द्या.

इथे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, मदत गोळा करूया. चांगली माणसं आहेत, मी नावं ठेवत नाही. पण दोन दिवसांत क्लबहाऊसमध्ये जुन्या कपड्यांचा डोंगर झाला, त्यात लग्नातले शेरवानी, चेन तुटलेल्या जीन्स, एक स्विमिंग कॉस्च्युमसुद्धा होता, देवा. मी तुम्हाला फोटो दाखवला कौतुकाने, की बघा किती जमलं.

तुम्ही फोटो बघितलात आणि म्हणालात, "आमच्याकडंबी आलतं असंच."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही किल्लारीकडच्या. इतकी वर्षं पोळ्या नेतेय आणि मी कधी विचारलंच नव्हतं. तिथला भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी, आदल्या रात्री गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं अंगावर आलं. सरकारी आकड्यात जवळजवळ आठ हजार माणसं. तुमची सासू आणि मोठी जाऊ त्यात गेली हे तुम्ही मला तव्यावरची पोळी उलटताना सांगितलंत, आवाज तोच, पोळी अजिबात करपली नाही. मला त्या पोळीचंच आठवतं. पुढे म्हणालात की ट्रकच्या ट्रक कपडे आले, रस्त्याच्या कडेला पडले, पावसात भिजले, कुजले, आणि आम्ही बायका चार-चार दिवस त्याच लुगड्यात, कारण आत घालायचं काहीच कुणी आणलं नव्हतं आणि मागायचं कुणाकडं, समदे बाप्येच.

"आदी इचार त्यांला काय पायजे ते. मंग गोळा कर."

मी तिथेच वहिनीला फोन लावला. वहिनी म्हणाली काही नको गं, तांदूळ आलेत, बिस्किटं आलीत, पाण्याच्या बाटल्या आल्यात. वहिनी तशीच आहे, पाहुणी असली तरी दुसऱ्यांदा भात घेणार नाही. तर तुम्ही पीठाच्या हाताने माझा फोन ओढून घेतलात. ओळख नाही पाळख नाही, थेट, "आंघुळीला आडोसा हाय का? पाळी आलेल्या बायका काय करायल्यात?"

पलीकडे किती वेळ काही आवाजच नाही. मग वहिनी रडायला लागली. पूर आल्यापासून तोपर्यंत ती एकदाही रडली नव्हती हे मला भावाने नंतर सांगितलं. सहा दिवस ती एकाच गाऊनवर होती काकू. आणि तिच्या सासूला, म्हणजे माझ्या आईला, संडासला जायला अंधार पडायची वाट बघावी लागत होती, म्हणून ती पाणीच पीत नव्हती. मी रोज फोन करत होते, जेवलात का, जेवलात का. हे मला विचारायचं सुचलंच नाही. सख्ख्या नणंदेला, लेकीला सुचलं नाही.

मग तुम्ही दोघी पाऊण तास बोललात, माझा फोन गरम झाला, गिऱ्हाईकं उभी राहिली. त्यातून जी यादी निघाली ती मी अजून जपून ठेवलीये, तुमच्या लेकीच्या अक्षरात, बिलाच्या पॅडच्या मागे. नवे गाऊन आणि परकर, मापासकट. निकर, तेही मापासकट. पॅड. ताडपत्री आणि दोरी, आडोशासाठी. खराटे, फावडी, घमेली. टॉर्च. डोक्याचं तेल, कारण केसात गाळ बसून जटा झाल्या होत्या. आईचं बीपीचं औषध. आणि लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारायचं. स्विमिंग कॉस्च्युम नव्हता यादीत.

एपीएमसीतल्या तुमच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याने डिझेलचे पैसे तेवढे घेतले. वाशिष्ठीचा जुना पूल खचलेला, टेम्पो अलीकडेच थांबवून माल छोट्या गाडीतून शहरात न्यायला लागला. पण त्या टेम्पोत पुढच्या सीटवर कोण बसलं होतं हे सांगितलंच पाहिजे, तुमचे मुंब्र्याचे मशीनवाले चाचा.

हे सगळ्यात भारी होतं. बोलता बोलता वहिनी तुम्हाला म्हणाली होती की आमच्या बचत गटाच्या सगळ्या शिलाई मशीन गेल्या. तिने तक्रार म्हणून नाही, असंच सांगितलं. आम्ही सगळ्यांनी ते ऐकून सोडून दिलं असतं, घर गेलंय तिथे मशीनचं काय. तुम्ही विचारलंत, "गेल्या म्हंजे वाहून गेल्या का गंजल्या?" गंजल्या. "मंग गेल्या न्हाईत." चाचा शटल, बॉबिन केस, बेल्ट, दोन मोटर असं पोतंभर सामान घेऊन गेले आणि एका देवळाच्या ओसरीवर बसून तीन दिवस मशीन उघडत होते, डिझेलने धुवायची, पुसायची, तेल सोडायचं, हात फिरवून बघायचं. टेबलं फुगून गेली होती, ती नाही वाचली. पण अकरातल्या नऊ मशीन चालू झाल्या. वहिनी म्हणते पहिल्या मशीनचा टकटक आवाज आला तेव्हा आजूबाजूच्या बायका गाळ उपसायचं सोडून बघायला आल्या.

आणि चाचांसोबत तुम्ही कापडाचा तागा आणि पैसे पाठवलेत. आई ते पैसे घेईना. आमच्याकडे हे फार, उपाशी राहतील पण हात पसरणार नाहीत. तेव्हा तुम्ही फोनवर जे म्हणालात ते आई अजून तुमची नक्कल करून सांगते, "ओ वैनी, मदत न्हाई ती, ॲडव्हान्स हाय. दोनशे पिशव्या पायजेत मला, पिशवीमागं अठरा रुपये, बंद मजबूत पायजेत, रस्सा सांडला तर गिऱ्हाईक मला शिव्या घालतंय." प्लॅस्टिकबंदी होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, कापडी पिशवी लागतच होती, तुम्ही काही उगाच काढलेलं काम नव्हतं. शेजारच्या वाण्याकडून शंभर, मेडिकलवाल्याकडून मास्कची ऑर्डर, तीही तुम्हीच आणलीत. लोक आशा, उमेद असं काय काय बोलतात, आमच्या घरात ती अठरा रुपये नगाने आली.

पंचनाम्याचं मात्र राहून राहून डोक्यात जातं. सरकारने घरटी दहा हजार दिले, दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार, टपरीवाल्याला दहा हजारापर्यंत. पण वहिनीची मशीन घराच्या पडवीत. दुकान नाही, टपरी नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसाने "घरगुती वापराची" असं लिहून मोकळं केलं. बारा वर्षं त्या मशीनवर पोरांच्या फिया निघाल्या त्या कुठल्या वापराच्या मग? तुम्ही सांगितलंत म्हणून त्यांनी भिंतीवरच्या रेघेसकट मशीनचे फोटो काढले, जुनी बिलं उन्हात वाळवली, बचत गटाच्या लेटरहेडवर अर्ज दिला, नवऱ्यांच्या नावाने नाही, प्रत्येकीच्या स्वतःच्या. मिळालं ते शेवटी एकीलाच. पण अर्ज द्यायला नऊजणी गेल्या होत्या आणि त्यातल्या सहाजणी त्याआधी त्या ऑफिसची पायरीही चढल्या नव्हत्या.

हे तुम्हाला कसं माहिती असं मी विचारलं तेव्हा तुम्ही संवाद सहायकांचं सांगितलंत. भूकंपानंतर घरं दुरुस्त करायचा कार्यक्रम निघाला त्यात गावोगावच्या बायकांनाच नेमलं होतं, स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती, प्रेमा गोपालन यांची. चूल-मूल करणाऱ्या बायका भिंतीत आरपार दगड कुठे घालायचा, कोपरा कसा बांधायचा हे गवंड्याला समजावून सांगायला लागल्या. तुमची धाकटी जाऊ त्यात होती. पुढे २००१ ला भुजला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गुजरातला गेल्या. भाषा येत नव्हती तरी गेल्या. "भिंत पडलेल्या बाईला भिंत पडलेलीच बाई कळती" असं तुमची जाऊ म्हणायची म्हणे. तुमचं मत जरा वेगळं, तुम्ही म्हणालात कळायचं काय त्यात, इचारलं की कळतं.

त्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण झालं, नदीतला गाळ काढा म्हणून, तर आमची वहिनी, जी पाहुण्यांसमोर दुसऱ्यांदा भात घेत नाही, ती तिथे जाऊन बसली. मशीन बंद ठेवून नाही हं, सकाळी काम उरकून. मग गाळ निघायला लागला. किती निघाला, किती राहिला यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात, ती होऊ देत.

आणि आता मागच्या वर्षीचं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, नवरात्राच्या तोंडावर, सीना नदीला पूर आला, परंडा, भूम, तिकडे माढा, करमाळा, जिथे कायम टँकर बघितले तिथे हेलिकॉप्टरने माणसं काढायला लागली. तुमची बहीण परंड्याकडे दिलेली हे मला माहीत नव्हतं, पण वहिनीला होतं, कारण तुम्ही दोघी महिन्यातून एकदा बोलता आणि मला कोणी सांगत नाही. टीव्हीवर बातमी लागल्या लागल्या तिने तुम्हाला फोन केला आणि पहिलं वाक्य काय, "काकू, तिकडे आडोसा आहे का, आणि मापं सांगा." चार दिवसांनी एसटीने पार्सल आलं, मीच कोपरखैरणेला आणून दिलं तुमच्याकडे. चाळीस गाऊन, चाळीस परकर, सगळे शिवलेले, आणि प्रत्येक जोड एका कापडी पिशवीत.

मला वाटलं आता तरी तुमचे डोळे भरतील. मी तर मोबाईल तयार ठेवला होता, वहिनीला फोटो पाठवायला. तुम्ही एक पिशवी उचललीत, बंद धरून दोनदा ओढून बघितलात आणि म्हणालात, "ह्याला दुहेरी टीप न्हाई मारली. तिला सांग."

सांगितलं. तिने ते एवढं मनावर घेतलंय की तेव्हापासून प्रत्येक बंदाला तिहेरी मारते.

उद्या सहाच्या ऐवजी दहा पोळ्या ठेवा. आई आलीये चिपळूणहून, तुम्हाला बघायचंय म्हणते, आणि कुळथाचं पीठ आणलंय तुमच्यासाठी, ते ॲडव्हान्स म्हणून घ्या.

तुमची,
घणसोलीची, मेथी न आवडणारी