पावसातल्या जंगलात जाताना

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. सुट्टी ऑगस्टातच मिळाली, कोस्टा रिकाची तिकिटंही काढून झाली, आणि आता बरोबरचे मित्र कुरकुर करताहेत: ऐन पावसाळ्यात कोर्कोवाडोच्या जंगलात जाऊन चिखलाशिवाय काय बघायचं? तू माझं मत विचारलंस. माझं मत सरळ आहे. जा, आणि पावसाळा आहे म्हणून तर जाच. फक्त गाईड नीट पारखून घे, आणि एकदा घेतलास की त्याचं ऐक. बाकी सगळं पत्र या दोन गोष्टींबद्दलच आहे.

मी त्या जंगलात गेले तेव्हाही पावसाळा होता. कोर्कोवाडो ज्या ओसा द्वीपकल्पावर आहे तिथे मे ते नोव्हेंबर पाऊस असतो, आणि काही भागांत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. सर्वांत जोर सप्टेंबर-ऑक्टोबरला. ते दोन महिने असते तर मीच तुला थांब म्हटलं असतं. ऑगस्टात बऱ्याचदा सकाळ उघडी मिळते आणि दुपारनंतर कोसळतो. म्हणून तिथे सगळं पहाटेच सुरू होतं. ड्रेक बे या किनाऱ्यावरच्या गावाहून जंगलातल्या सिरेना ठाण्याला जाणाऱ्या होड्या उजाडता उजाडता निघतात. तिकडे धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरून किनारा गाठायचा, तेव्हा पासपोर्ट आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत हवेत. समुद्र खवळलेला असेल तर होडीवाला निघणारच नाही. अशा वेळी त्याच्याशी वाद घालू नकोस.

आता दिसणार काय, ते सांगते. मोठे प्राणी दिसतील की नाही ते मी सांगू शकत नाही. डुकरासारखा दिसणारा, लांब नाकाचा तापीर आहे, चार जातींची माकडं आहेत, लाल मकाव पोपट तर आरडाओरडा करत डोक्यावरून जातात. पण पावसाळ्याचं खरं वैभव बेडकांचं असतं, आणि त्यासाठी ड्रेक बेच्या आसपास निघणारी रात्रीची फेरी चुकवू नकोस.

आमच्या गाईडने एका डबक्याच्या काठी टॉर्च एका पानावर धरला. पानाच्या टोकाला, बरोबर पाण्याच्या वर, पारदर्शक जेलीचा एक लहान गोळा चिकटलेला होता. जवळ गेल्यावर दिसलं की त्यात हिरवट ठिपके आहेत, आणि ते ठिपके वळवळताहेत. लाल डोळ्यांच्या झाडबेडकाची अंडी. ही अंडी सहा-सात दिवसांत फुटतात आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. पण मधेच अंडी खाणारा साप आला तर? त्याने गोळ्याला तोंड लावलं की आतली पिल्लं, पुरती तयार नसतानाही, काही क्षणांत कवच फोडून पाण्यात उड्या घेतात. चार-पाच दिवसांची झाली की त्यांना हे जमतं. कॅरेन वॉर्केन्टिन या संशोधिकेने हे याच कोर्कोवाडोत अभ्यासलं आणि १९९५ साली प्रसिद्ध केलं. लवकर उडी मारलेलं पिल्लू लहान असतं, पाण्यातले मासे त्याला सहज गाठतात, म्हणून उगाच घाबरून बाहेर पडणंही परवडत नाही.

मला भारावून टाकलं ते यापुढच्या भागाने. पावसाचा थेंब पानावर आदळला तरी तो गोळा हादरतोच ना. मग पावसाळ्यात ही पिल्लं सारखी उड्या का मारत नाहीत? पुढे ध्वनिमुद्रित कंपनं ऐकवून प्रयोग झाले तेव्हा कळलं की त्यांना दोन्हींतला फरक कळतो. सापाचे हिसके लांब असतात आणि मधे मधे थांबतात. थेंबांचे धक्के छोटे आणि लागोपाठ. अजून अंड्यातच असलेला तो जीव हादऱ्यांच्या लयीवरून ठरवतो की हा पाऊस आहे, बसून राहू. आम्ही उभे होतो तेव्हा पाऊस पडतच होता, सगळं पान थरथरत होतं आणि ती पिल्लं जागची हलली नाहीत. कोरड्या दिवसांत हे तुला कोण दाखवणार, ओंकार?

आणखी एक गंमत बघ. जोराची सर आली की ती आधी कानांवर येते. वर, तीस-चाळीस मीटर उंचीवर, पानांवर धो-धो आवाज सुरू होतो आणि तुझ्या अंगावर काही मिनिटं थेंबही नसतो. पाऊस थांबल्यावर उलटं, वर ऊन आणि खाली अर्धा-अर्धा तास ठिबक चालू. उजेडाचंही तसंच. वरच्या प्रकाशातला एक-दोन टक्केच जमिनीपर्यंत पोहोचतो, त्यात ढग, त्यामुळे दुपारी तीनलाही संध्याकाळ वाटते. बिचकू नकोस. सहा-साडेसहापर्यंत मात्र खरंच अंधार होतो, वर्षभर.

आता गाईडबद्दल. २०१४ पासून कोर्कोवाडोत परवानाधारक गाईडशिवाय कोणालाच आत सोडत नाहीत. तुझा मित्र म्हणतो की हे पैसे काढायचे धंदे आहेत. मला ते अजिबात पटत नाही, आणि का ते एका प्रसंगावरून सांगते.

आम्ही एका ओढ्यापाशी पोहोचलो. पाणी घोट्याच्या वर, तळ दिसत होता. पलीकडे पंधरा मिनिटांवर आमचं ठरलेलं ठिकाण होतं. गाईडने ओलांडू दिलं नाही. एक काडी तोडून पाण्याच्या अगदी कडेला चिखलात खोचली आणि आम्हाला म्हणाला, बसा, पाणी प्या. पाऊस आमच्या इथे नव्हताच, पण वरच्या डोंगराकडे गडगडत होतं. थोड्या वेळात पाणी गढूळलं, त्यातून सुकी पानं आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, आणि काडीचा तळ पाण्यात गेला. तो उठला आणि आल्या वाटेने परत निघाला. गटातले दोघे चांगलेच भडकले, पैसे परत मागू लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि चालत राहिला. आम्ही चढावर पोहोचलो तोवर खाली ओढ्याचा आवाज असा झाला होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

तू जे पैसे देणार आहेस ते मुख्यतः या ‘नाही’साठी देतो आहेस. प्राणी दाखवणं हा त्यावरचा लाभ. म्हणून गाईड ठरवताना त्याला हे विचार: पाऊस वाढला तर काय करता? परत फिरलो तर पैशांचं काय? गट केवढा असतो? तापीर नक्की दाखवतो असं छातीठोक सांगणाऱ्याला मी घेणार नाही. नदीच्या मुखाशी मगरी असतात, बुल शार्क भरतीबरोबर आत येतात, तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ असलेला माणूस हवा.

चालताना त्याच्या सवयी बघ. थांबायचं असेल तर तो आधी वर बघेल, कारण भिजून जड झालेल्या वाळक्या फांद्या पावसातच तुटून पडतात. पाय घसरला तरी तो झाडाला हात लावणार नाही, कारण खोडावर काटे असतात किंवा बुलेट मुंगी असते, आणि तिच्या दंशाच्या वेदना तासन् तास टिकतात. एका मोठ्या पानाखाली आमचा गाईड उकिडवा बसला आणि आम्हालाही बसवलं. पानाची शीर दोन्ही बाजूंनी कुरतडून त्याचा तंबू केलेला होता आणि आत वटवाघळं एकमेकांना बिलगून कोरडी बसली होती. मी एकटी असते तर त्या पानाला धक्का मारून पुढे गेले असते.

सापांची काळजी मला आहे, लपवत नाही. टेर्सिओपेलो तिथे आहे, विषारी आहे आणि पाचोळ्यात दिसत नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट घाल, वाट सोडू नकोस, ओंडका ओलांडताना पलीकडे काय आहे ते आधी बघ. कोस्टा रिकात क्लोडोमिरो पिकाडो संस्था स्वतः प्रतिविष बनवते, त्यामुळे उपचार आहेत. मात्र दवाखान्यापर्यंतचं अंतर मोठं आहे. विम्यात दुर्गम जागेतून बाहेर काढण्याचा खर्च धरला आहे का, ते आजच बघ.

जीन्स नेऊ नकोस, वाळतच नाही. झोपताना घालायचे मोजे वेगळे ठेव आणि ते काही झालं तरी दिवसा वापरू नकोस. पायांना रात्रभर कोरडं राहता आलं पाहिजे. डासांचं औषध अंगाला लावलेले हात बेडकांना लावू नकोस, त्यांची कातडी सगळं शोषून घेते. गाईडने पक्ष्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवलं नाही तर आग्रह करू नकोस, पक्षी त्याने हैराण होतात.

एक अजून. १९७५ साली कोर्कोवाडोचं राष्ट्रीय उद्यान झालं, पण त्यानंतरही तिथल्या नद्यांत सोनं चाळणारी माणसं राहत होती. १९८६ मध्ये त्यांना बाहेर काढलं. त्यांच्यातल्या काहींनी पुढे गाईडचंच काम धरलं. जंगल वाचलं त्याची किंमत तिथल्या घरांनी मोजली आहे. म्हणून पावसाळ्यात, गिऱ्हाईक कमी असताना, तुम्ही चौघे गेलात तर ते मला फार बरं वाटेल. दरात घासाघीस करू नका. फेरी अर्ध्यावर सोडावी लागली तरी बक्षिशी पूर्ण द्या.

सिरेनाला असताना फोन लागला नाही तर मी घाबरणार नाही, पण होडीत बसण्याआधी गाईडचं नाव आणि परतीचा दिवस मला कळव. बाबांना बेडकाच्या अंड्यांचा फोटो हवा आहे. फ्लॅश मात्र मारू नकोस.

तुझी,
आई