सही करण्यापूर्वी आप्पांना पत्र

लीड्स, इंग्लंड
दि. १२ जून २०२५

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार. हे पत्र दादाने मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे आईच्याही कानावर पडेल.

पत्रास कारण की, परवा दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर चौदा पानांचे फोटो पाठवले. छत्रपती संभाजीनगरच्या ज्या डॉक्टरांकडे तुमच्या मूत्रपिंडाचा इलाज चालू आहे, त्यांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का असे तुम्हाला विचारले, माहितीपत्रक आणि संमतिपत्र हातात दिले आणि घरी जाऊन विचार करायला सांगितले, एवढे मला समजले. डॉक्टरसाहेब म्हणतात तर सही करून टाकू, असे तुमचे म्हणणे. आप्पांचा प्रयोगाचा उंदीर होऊ देणार नाही, असे दादाचे म्हणणे. आणि आई दोन दिवस नीट जेवलेली नाही. फोनवर हा विषय निघाला की आपण सगळे एकदम बोलू लागतो आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. गेली सहा वर्षे माझे रोजचे काम हेच आहे: चाचणीत येणाऱ्या रुग्णांना ती समजावून सांगणे, त्यांचे रक्त घेणे, त्यांनी परत आणलेल्या गोळ्या मोजणे. तेव्हा माझे काही एक मत असणार. पण सही तुमची आहे आणि निर्णयही तुमचाच राहील.

सर्वांत आधी एक गैरसमज काढून टाकते. घरात सगळे असे धरून चालले आहेत की तुम्हाला नवे औषध मिळणार. पान ४ पुन्हा वाचा. त्यात लिहिले आहे की निम्म्या रुग्णांना नवी गोळी मिळेल आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी मिळेल. तिला प्लासिबो म्हणतात. कोणाच्या वाट्याला काय येणार हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतो, आणि चाचणी संपेपर्यंत ते ना तुम्हाला कळणार, ना डॉक्टरांना. डॉक्टरांपासूनही ते लपवतात, कारण या रुग्णाला नवे औषध चालू आहे हे माहीत असले की भला माणूससुद्धा त्याच्या तब्येतीकडे आशेच्या डोळ्यांनी पाहू लागतो, आणि मग औषधाचा गुण कोणता व आशेचा गुण कोणता हे वेगळे काढता येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे दादाला मी वेगळे सांगायला नको. २०२१च्या एप्रिलमध्ये कोविड झालेल्या काकांसाठी प्लाझ्माची, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाची, पिशवी मिळवायला तो बार्शी, सोलापूर करीत रात्रभर गाडीवर फिरला, आईने पाटल्या मोडायला काढल्या, आणि पिशवी लावल्यानंतर तिसऱ्या दिवशी काका गेले. पिशवी एक दिवस आधी मिळाली असती तर, हे वाक्य दादा अजून म्हणतो. दादा, ते वाक्य आता सोडून दे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर नेमका हाच प्रश्न तपासला होता. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के रुग्णांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न दिलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. म्हणजे फरक पडलाच नाही. हे ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आले होते, आणि तरीही सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडला. मधल्या त्या महिन्यांत तुझ्यासारखी किती मुले रात्री रस्त्यावर होती, याचा विचार मनात आला की मला आजही रडू येते. तुझ्या धावपळीत काही कमी पडले नव्हते. ज्या गोष्टीसाठी धावत होतास, तीच उपयोगाची नव्हती, आणि हे कळण्याचा चाचणीवाचून दुसरा मार्ग नव्हता.

आप्पा, तुमच्या डब्यातली सकाळची छोटी गोळी, डापाग्लिफ्लोझिन, हीदेखील अशाच मार्गाने तुमच्यापर्यंत आली. ती मुळात साखर कमी करणारी गोळी. मूत्रपिंडालाही ती वाचवते का, हे पाहण्यासाठी २१ देशांत ४३०४ रुग्ण घेतले गेले, त्यांत भारतातलेही होते, आणि त्यांचे २१५२-२१५२चे दोन गट करण्यात आले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३१२ जणांच्या मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर किंवा त्याखाली आले, ते निकामी झाले, किंवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या कारणाने मृत्यू आला. औषध घेणाऱ्यांत असे १९७ जण निघाले. लाभ इतका स्पष्ट दिसला की देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवायला सांगितले. निकाल २०२०मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात या औषधाचे मूळ पेटंट संपल्यामुळे अनेक कंपन्यांनी ते स्वस्तात काढले. म्हणून आज ती पट्टी भूमच्या मेडिकलमध्ये तुम्हाला परवडते. ज्या ३१२ जणांच्या वाट्याला नुसती गोळी आली आणि आजारही बळावला, त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. मी मात्र गोळ्या मोजायला बसते तेव्हा त्यांची आठवण ठेवते.

आता या साऱ्या विषयातला सर्वांत अवघड भाग, आणि तो आईच्या जवळचा आहे. आई, मी तिसरीत असताना जिल्हा परिषदेच्या शाळेत एक दिवस सुट्टी दिली होती, आठवते का? वर्गाच्या दाराला निळा पडदा लावला होता, बाहेर जीप उभी होती आणि तू जनाकाकूंबरोबर पदर सावरत आत गेली होतीस. मी पायरीवर बसून तुझ्या चपला सांभाळत होते. घरी आल्यावर तू एवढेच म्हणालीस की बायकांच्या आतल्या आजाराची तपासणी होती. ती नेमकी काय होती, हे मला इथे आल्यावर कळले. १९९९पासून आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक फार मोठी चाचणी केली. ३० ते ५९ या वयातल्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत वाटणी झाली: एका गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी, तो घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याला तिथल्या पेशींची, तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची, आणि चौथ्या गटात यांपैकी कोणतीही तपासणी नाही.

आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे जगाला आपल्या परंडा, भूम, कळंबकडच्या बायकांनी दाखवून दिले, आणि आज जागतिक आरोग्य संघटना याच तपासणीला पहिली पसंती देते. इथे एका व्याख्यानात पडद्यावर उस्मानाबादचे नाव झळकले तेव्हा माझे हात थरथरत होते. शेजारच्या सहकारिणीला मी सांगितले की हा माझा जिल्हा आहे आणि माझी आई अशा तपासणीला गेली होती.

परंतु त्या ६४ जणींचे काय? त्यांच्या गावात पडदाही लागला नव्हता आणि जीपही आली नव्हती. जिल्ह्यात तेव्हा अशी नेहमीची तपासणी कोठेच नव्हती, तेव्हा चौथ्या गटाला जे एरवी मिळत होते तेच मिळाले, अशी त्यामागची भूमिका होती. तरी हे योग्य होते का, असा आक्षेप पुढे जाणकारांनी जाहीरपणे घेतला. मला विचाराल तर तो आक्षेप रास्त आहे, आणि त्या चाचणीचे उत्तर अनमोल आहे हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी मी एकदमच मनात बाळगते. तेव्हापासून कोणतीही चाचणी समोर आली की मी प्रथम एकच गोष्ट शोधते: दुसऱ्या गटाला काय मिळणार?

तुमच्या कागदांत त्याचे उत्तर पान ५ वर आहे. तुमची साखरेची, बीपीची आणि मूत्रपिंडाची आजवरची सगळी औषधे दोन्ही गटांत तशीच चालू राहतील, आणि नवी किंवा नुसती गोळी त्यांच्यावर जादा असेल. हे एक वाक्य तिथे नसते, चालू औषध बंद करून नुसत्या गोळीवर ठेवणार असे असते, तर मी हे पत्र लिहीत बसले नसते. दादाला फोन करून कागद परत द्यायला सांगितले असते.

दादाची भीती मी वाऱ्यावर सोडत नाही. आपल्या देशात गरिबांना नीट न सांगता चाचण्यांत घातल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, न्यायालयाने सरकारला कडक शब्दांत जाब विचारला, आणि त्या सगळ्या रेट्यातून आजचे २०१९चे नियम आले. त्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई देणे बंधनकारक आहे. चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीत डॉक्टर नसलेला सामान्य माणूस असावाच लागतो. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. पान १ वरचा क्रमांक मी तिथे टाकून पाहिला, नोंद सापडली, आणि कागदावरची माहिती तिच्याशी जुळते. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. ती मागून घ्या आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. आणि चाचणीतून केव्हाही, कारण न सांगता, बाहेर पडता येते. त्यामुळे तुमचा नेहमीचा इलाज थांबवता येत नाही.

कायदा कागदावर असतो, आप्पा, आणि संमती माणसाच्या मनात असते. या कामाला लागले त्याच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे पाकिस्तानातून आलेल्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांचा मुलगा भाषांतर करीत होता, त्या प्रत्येक वाक्याला मान हलवीत होत्या, आणि मी घाईत होते. सही झाली. पंधरा दिवसांनी रक्त घेताना त्यांनी माझा हात धरून, माझ्या मोडक्या हिंदीतही मला कळेल अशा शब्दांत विचारले, बेटी, इसमें असली गोली कौनसी है? मी तिथेच सुई खाली ठेवली. मुलाने त्यांना एवढेच सांगितले होते की नवे चांगले औषध मिळणार आहे. आम्ही दुभाषी बोलावून सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले, आणि सगळे समजल्यावर त्या शांतपणे नको म्हणाल्या. ती चूक माझी होती, आणि ती मी विसरणार नाही. मान हलवणे म्हणजे समजणे, असे मी त्या दिवसापासून मानत नाही. तुम्हीही डॉक्टरांसमोर अशीच मान हलवता हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आदरापोटी सही करू नका आणि दादाच्या धाकाने नकारही देऊ नका. या चाचणीने तुमचे मूत्रपिंड बरे होईल या आशेवर जाणार असाल, तर जाऊ नका. तसे कोणीही सांगू शकत नाही, कारण तेच शोधण्यासाठी चाचणी आहे. वाट्याला नुसती गोळी आली तरी चालेल, रक्ताची तपासणी वेळेवर होत राहील, आणि पुढे कोणाच्या तरी डब्यात एक गोळी जास्त येईल, असे तुमच्या मनाला पटत असेल तर जरूर जा. मी तुमच्या जागी असते तर गेले असते.

फेऱ्यांचेही पाहा. दोन वर्षे, पहिले तीन महिने दर महिन्याला आणि पुढे तीन महिन्यांतून एकदा. त्यातल्या पहिल्या फेऱ्या ऐन पेरणीत येतात. प्रवासखर्च देतात असे लिहिले आहे, किती ते लिहिलेले नाही, तर ते विचारा. पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी जायचे की काही खाऊन, हे साखरेच्या माणसाने विचारलेच पाहिजे. रात्री अकरा वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलेल, आणि चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरले तर ते तुम्हाला पुढे मिळेल का, हेही. हे प्रश्न दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तुमच्या हाताने, तुमच्या शब्दांत लिहा, आणि डॉक्टरांसमोर वही उघडून एकेक विचारा. ते चिडणार नाहीत. चिडले, तर तेही एक उत्तरच समजा.

दादा, पान ९ चा फोटो खालून कापला गेला आहे आणि नेमके दुष्परिणामांचे शेवटचे तीन मुद्दे त्यात दिसत नाहीत. दिवसाउजेडी पुन्हा काढून पाठव. रविवारी खव्याची भट्टी उतरल्यावर, तुमच्याकडे अकराच्या सुमारास, मी फोन करते. तोवर कागद तसाच राहू द्या. आईने आज रात्री भाकरी खाल्ली का, तेही कळवा.

तुमची लेक